एका वर्षाचा वडीलपणा

विद्यापीठाच्या आवारात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्रवेश करतो, त्या दिवशी त्याच्या हाती पुष्कळ कागद असतात. प्रवेशशुल्काची पावती असते, वेळापत्रक असते, वसतिगृहाच्या नियमांची पुस्तिका असते. संस्थेने सांगावयाचे ते सारे त्यांत सांगितलेले असते. आणि तरीही पहिल्या आठवड्यात त्याला जे कळण्याची निकड असते, त्यातले फारच थोडे त्या कागदांत सापडते. प्राध्यापकांच्या खोलीचे दार लोटलेले असेल तर ते वाजवावे की परत फिरावे. ट्यूटोरियल म्हणजे वर्गच की आणखी काही. वर्गात समजले नाही तर तेथेच विचारणे शिष्टसंमत आहे की नाही. ग्रंथालयातले कोणते पुस्तक खरोखर वाचावयाचे आणि कोणते केवळ यादीत असते, हे कोणी लिहून ठेवीत नाही. ज्यांना ते लिहिता येईल, त्यांच्या ते इतके अंगवळणी पडलेले असते की, त्यात सांगण्याजोगे काही आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

हे सांगू शकेल असा मनुष्य आवारात एकच. तो प्राध्यापक नव्हे आणि वसतिगृहाचा अधीक्षकही नव्हे. वर्षा-दोन वर्षांपूर्वी त्याच दारातून, तसाच बावरलेला, आत आलेला विद्यार्थी तो. त्याची विद्वत्ता बेताची असली तरी चालते. त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याचे ताजे अज्ञान. आपल्याला काय कळत नव्हते, हे त्याला अजून आठवत असते. वीस वर्षे तोच विषय शिकविणाऱ्या अध्यापकाला ते आठवत नाही, आणि हा त्या अध्यापकाचा दोष मानता येणार नाही.

थोरल्या विद्यार्थ्याने धाकट्याला शिकवावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. किंबहुना या पद्धतीला जगात जे नाव मिळाले ते मद्रासमधून. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ साली तेथील अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची व्यवस्था पाहू लागले. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत आहेत, हे त्यांच्या दृष्टीस पडले. ती रीत आपल्या शाळेत आणण्याचे त्यांनी मनात घेतले. परंतु शाळेतील पगारी शिक्षकांना ते रुचेना. तेव्हा बेल यांनी मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हवाली केला, आणि वर्ग चालला. पुढे १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत छापला. जोसेफ लँकेस्टर यांनी तिकडे अशीच व्यवस्था उभी केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती देशोदेशी पसरली. मात्र पसरली ती मुख्यतः स्वस्त पडते म्हणून. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकतात, हा हिशेब कारभाऱ्यांना आवडला. आणि मुलाने मुलाला आपुलकीने शिकविण्याऐवजी घोकंपट्टीची कवाईत तेवढी शिल्लक राहिली. अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून त्यांचे काम थोरल्या विद्यार्थ्यांवर ढकलण्याचा मोह आजही ज्या संस्थांना होत असेल, त्यांनी हा इतिहास चाळून पाहावा.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या काळात पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून काही हुशार तरुणांना वेतन मिळे आणि त्यांनी शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवावे, अशी अपेक्षा असे. या दक्षिणा फेलोंत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. ही झाली मान्यवरांची गोष्ट. पण ज्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत अशा विद्यार्थ्यांची परंपरा याहून मोठी आहे. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या मुलाला कोणत्या घरी कोणत्या दिवशी पान मिळेल, हे आधी सांगावयाचा तो त्याच्याच गावाकडून दोन वर्षे अगोदर आलेला विद्यार्थी. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे निघाली, ती बहुतेक एकेका समाजाची. तेथे नव्या मुलाला हाताशी धरणारा थोरला मुलगा त्याच्या ओळखीच्या बोलीत बोलणारा असे, ही मोठी सोय होती. आजच्या विद्यापीठात ही सोय आपोआप होत नाही. तेथे बिहारमधील, मणिपूरमधील आणि नंदुरबारमधील मुले एकाच मजल्यावर राहतात, आणि ज्याचे गाववाले अगोदर आलेले नाहीत, ज्याच्या घराण्यात विद्यापीठाचे तोंड पाहणारा तोच पहिला आहे, तो खोलीचे दार लावून बसतो. आपुलकीची जी वाट पूर्वी गाव आणि जात यांच्या ओळखीतून जात असे, ती आता संस्थेने मुद्दाम बांधावी लागते.

आणि ती बांधली नाही तर काय होते, हेही या देशाने पाहिले आहे. एका वर्षाच्या थोरलेपणाला दोन तोंडे आहेत. ज्याला आवाराची माहिती आहे तो माहिती नसलेल्याचा हात धरू शकतो. तोच त्याला धाकातही ठेवू शकतो. रॅगिंग ती हीच दुसरी बाजू. १९९६ साली तामिळनाडूत वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा थोरल्या विद्यार्थ्याकडून खून झाला, आणि त्या राज्याने १९९७ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिले. पुढे न्यायालयाच्याच सूचनेवरून आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिने २००७ मध्ये अहवाल दिला. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा तरुण थोरल्या विद्यार्थ्यांच्या मारहाणीमुळे प्राणास मुकला. त्यानंतर काही महिन्यांतच, जून २००९ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने आपले विनियम जारी केले.

हे विनियम लोकांना ठाऊक आहेत ते शिक्षांमुळे. पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेणे, पथकांनी रात्री वसतिगृहांत अचानक फेरी मारणे, दोषी विद्यार्थ्याला काढून टाकणे, याच गोष्टी बोलल्या जातात. परंतु त्याच विनियमांत एक कलम आहे, ज्याची वास्तपुस्त फारशी कोणी करीत नाही. प्रत्येक संस्थेने वर्षाच्या अखेरीस, स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांमधून, पुढील वर्षीच्या नवागतांसाठी मार्गदर्शकांचा एक कक्ष स्थापन करावा असे ते कलम सांगते. प्रमाणही त्यात घालून दिलेले आहे: ६ नवागतांमागे १ मार्गदर्शक, आणि अशा ६ मार्गदर्शकांमागे वरच्या वर्गातला १. ज्या महाविद्यालयात दर वर्षी ६०० मुले येतात, तेथे या हिशेबाने १०० थोरले विद्यार्थी आणि त्यांच्यावर आणखी १७ जण लागतील. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे उमजले होते की, थोरल्याला धाकट्यापासून नुसते दूर ठेवून भागत नाही. त्याला थोरलेपणाचे काही काम द्यावे लागते. काम नसलेला वडीलपणा फार लवकर सत्तेचे रूप घेतो.

हे काम असते तरी काय? पुष्कळांची समजूत अशी की, स्वागताचा समारंभ करावा, इमारती दाखवाव्यात आणि चहापान झाले की मार्गदर्शकाने मोकळे व्हावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये अभियांत्रिकीच्या नवागतांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभ-कार्यक्रम आखून दिला, आणि आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने इतर विद्यापीठांसाठी तसाच कार्यक्रम सुचविला. दोन्ही उपक्रम स्वागतार्हच आहेत. परंतु नवागताची खरी अडचण सनई-चौघडे थांबल्यावर, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पहिल्या चाचणीचे गुण लागल्यावर सुरू होते. गावात, तालुक्यात जो सदैव पहिला आला, तो येथे वर्गाच्या तळाशी असतो. घरी फोनवर तो ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतो.

त्यातून भाषेचा प्रश्न. ज्याने शाळेत पदार्थविज्ञान हिंदीतून किंवा मराठीतून वाचले आहे, त्याला ‘त्वरण’ उत्तम समजलेले असते. व्याख्यानात ‘ॲक्सिलरेशन’ हा शब्द वेगाने येऊन जातो, तेवढ्यात मनातल्या मनात भाषांतर करीत तो अडखळतो, आणि फळ्यावरची पुढची ओळ निघून जाते. ही अडचण बुद्धीची नाही, पण वर्गात ती तशी दिसते. आणि काही दिवसांनी त्याला स्वतःलाही ती तशी वाटू लागते. येथे एका वर्षाने मोठा असलेला, त्याच वाटेने आलेला विद्यार्थी संध्याकाळी अर्धा तास बसला, आणि ‘अरे, मलाही दिवाळीपर्यंत काही समजत नव्हते’ एवढे जरी बोलला, तरी मोठे काम होते. हे वाक्य प्राध्यापकाच्या तोंडी शोभत नाही, आणि त्याने उच्चारले तरी खरे वाटत नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विद्यार्थी-मार्गदर्शकांची व्यवस्था समुपदेशन सेवेशी जोडलेली आहे. मुंबईत पवईच्या संस्थेतही नवागतांच्या लहान लहान गटांमागे एकेक थोरला विद्यार्थी नेमण्याची पद्धत आहे, आणि त्याची निवड मुलाखत घेऊन होते.

तथापि शिकविण्याच्या कामात एक पेच आहे. ‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास’ अशी पाटी लावली की ज्यांनी यावयास हवे ते नेमके येत नाहीत. लोक पाहतील, ही लाज अज्ञानाहून भारी ठरते. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डियाना मार्टिन या बाईंनी १९७३ मध्ये यावर एक साधी युक्ती काढली. त्यांनी कच्चे विद्यार्थी निवडले नाहीत, कठीण विषय निवडले. ज्या विषयात पुष्कळजण नापास होतात, त्या विषयासाठी सर्वांना खुली अशी बैठक ठेवली. ती चालवावयाची त्या विषयात पूर्वी चांगले यश मिळविलेल्या विद्यार्थ्याने. त्याने पुन्हा एकवार व्याख्यानांना हजर राहावयाचे, पण बैठकीत स्वतः व्याख्यान द्यावयाचे नाही; टिपणे कशी घ्यावी, प्रश्न कसा फोडावा, हे सर्वांकडून करवून घ्यावयाचे. ही रीत पुढे इतर अनेक देशांत गेली. कठीण म्हणून विषयाला नाव ठेवले, की विद्यार्थ्याचे नाव वाचते. आपल्याकडे ‘दुर्बल’, ‘मागास’, ‘राखीव’ हे शब्द वर्गात ज्या सहजतेने उच्चारले जातात, ते पाहता ही युक्ती येथे अधिकच उपयोगी पडावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली होती. त्रासाला कंटाळून ही मुले वसतिगृहाच्या विशिष्ट मजल्यांवर एकवटत गेली, असे २००७ च्या त्या अहवालात आढळते. अशा ठिकाणी मार्गदर्शकांच्या यादीत कोणाकोणाची नावे आहेत, हा प्रश्न शोभेचा राहत नाही.

मार्गदर्शकाच्या मर्यादाही त्याला आधीच सांगितल्या पाहिजेत. वीस वर्षांचा मुलगा वैद्य नव्हे. आपल्या सहांपैकी एखादा जेवावयास येईनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवणे ही मैत्री नाही. त्याने त्याच दिवशी समुपदेशकाकडे किंवा जबाबदार अध्यापकाकडे जावयास हवे. आणि कोणाकडे जावयाचे, रात्री अकरा वाजता कोणाचा फोन लागेल, हे त्याला नेमणुकीच्या दिवशीच माहीत असले पाहिजे. तसेच त्याने प्रयोगवही लिहून देऊ नये, गृहपाठाची उत्तरे पुरवू नयेत. गृहपाठ आयता मिळू लागला की सहा आश्रित तयार होतात, आणि आश्रितांकडून सेवा घेण्याची सवय लागावयास उशीर लागत नाही. आजकाल हे सारे व्यवहार मोबाईलवरील गटांतून चालतात. ज्या गटावर वेळापत्रक कळते, त्याच गटावर हुकूमही सुटतात. म्हणूनच अशा अनौपचारिक गटांतून होणारा छळ हाही रॅगिंगच समजावा, असे आयोगाला २०२५ मध्ये संस्थांना बजावावे लागले.

निवडीच्या बाबतीत बहुधा गुणपत्रिका पाहिली जाते. पहिल्या सत्रात जो अडखळला आणि मग सावरला, त्याची गुणपत्रिका डोळ्यांत भरण्यासारखी नसते. पण तो पुष्कळदा पहिल्या क्रमांकाच्या मुलापेक्षा या कामी अधिक उपयोगाचा ठरतो. त्याला शोधावयाचे तर त्याच्या मजल्यावरील मुलांना, खानावळीतील वाढप्याला, ग्रंथालयातील शिपायाला विचारावे लागते. त्याला थोडेबहुत मानधन द्यावे, त्याच्या परीक्षेच्या आठवड्यात त्याला मोकळे ठेवावे, आणि त्याचे काम त्याच्या प्रमाणपत्रावर नोंदवावे. गरिबाघरच्या विद्यार्थ्याला विनामूल्य सेवेची चैन परवडत नाही, आणि नेमका तोच येथे हवा असतो. शिवाय विनियमाने कक्षाची स्थापना वर्षअखेरीस करावी असे म्हटले आहे. त्या दिवसांत आवारात प्रत्येकजण परीक्षेत गुंतलेला असतो. ते काम पुढे ढकलले, की जून-जुलैत नवी मुले दाराशी उभी राहतात, आणि मग सूचनाफलकाजवळ जो कोणी उभा सापडेल त्याचे नाव यादीत लिहावे लागते.