क्षणप्रतींचे निर्मूलन : आज्ञा यंत्राला, जबाबदारी माणसाची



जुने कागद नष्ट करण्याचा प्रसंग प्रत्येक कार्यालयात येतो. कागदांची वर्गवारी होते, यादी तयार होते, वरिष्ठांची मंजुरी मिळते आणि मगच ते नष्ट केले जातात. आता सातबारा, निवृत्तिवेतन, परीक्षांचे निकाल अशी कितीतरी माहिती संगणकाच्या साठवणयंत्रणेत गेली आहे. तेथेही जुने काढून टाकावेच लागते. फरक इतकाच की, तेथे कागदांचा ढीग डोळ्यांना दिसत नाही आणि सारे काम एका आज्ञेसरशी उरकते.

क्षणप्रत म्हणजे काय?

मोठ्या साठवणयंत्रणेत माहितीचे 'व्हॉल्यूम' म्हणजे खंड पाडलेले असतात. चालू खंडाची एखाद्या क्षणीची स्थिती टिपून ठेवण्यास 'स्नॅपशॉट' म्हणतात; मराठीत तिला क्षणप्रत म्हणता येईल. मूळ खंड आणि क्षणप्रतीचा खंड यांची जोडी होते. जपानमधील हिताची कंपनीच्या 'थिन इमेज' या सुविधेत एका मूळ खंडाच्या १,०२४ पर्यंत क्षणप्रती ठेवता येतात.

इतक्या प्रती मावतात, कारण सारी माहिती पुन्हा उतरवून घेतली जात नाही. मूळ खंडातील जो भाग बदलतो, त्याचा जुना मजकूर तेवढा 'पूल' नावाच्या राखीव जागेत जपला जातो. न बदललेला भाग मूळ खंडातूनच वाचला जातो. नोंद बदलण्यापूर्वी जुन्या नोंदीची नक्कल दुसऱ्या वहीत करून ठेवावी, तसाच हा प्रकार आहे.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मूळ खंडात बदल होत राहतात, तसतशी राखीव जागा भरत जाते; ती पूर्ण भरली तर क्षणप्रतीच निकामी होऊ शकतात. म्हणून कालबाह्य जोड्या वेळीच काढणे हे सुव्यवस्थेचेच अंग आहे. दुसरे असे की, क्षणप्रत मूळ खंडावर अवलंबून असते. मूळ खंडच नादुरुस्त झाला तर ती उपयोगी पडत नाही. तिला स्वतंत्र सुरक्षित प्रत समजणे ही चूक होय.

जोडी काढताना

जोडी काढली की मूळ खंडाला धक्का लागत नाही. मात्र त्या क्षणीची स्थिती कायमची हरपते. याउलट, जोडी काढण्याऐवजी चुकून 'पुनःस्थापने'ची आज्ञा दिली गेली, तर जुनी स्थिती मूळ खंडावर येते आणि मधल्या काळातील नोंदी पुसल्या जातात.

अशा घाईची किंमत किती असते, हे गिटलॅब या कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या घटनेवरून कळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरील समजून मुख्य यंत्रावरील माहिती काढून टाकली. चूक क्षणभरात उमगली. पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. नेहमीच्या सुरक्षित प्रती निघतच नव्हत्या, हेही तेव्हाच उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका क्षणप्रतीने बहुतेक माहिती वाचविली. मधल्या सहा तासांची मात्र गेली. ती एक प्रतही कोणी अनावश्यक म्हणून काढली असती तर?

म्हणून क्रम पाळावा. प्रथम त्या क्षणप्रतीची गरज संपली काय, हे माहितीशी संबंधित शाखेकडून लेखी घ्यावे. वेगळ्या ठिकाणची सुरक्षित प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. क्षणप्रतीचा खंड कोणी वापरत नाही याची खात्री करावी. यंत्र, खंड व जोडी यांचे क्रमांक दुसऱ्या कर्मचाऱ्याने वाचून ताडून पाहावेत. त्यानंतरच आज्ञा द्यावी, राखीव जागा मोकळी झाली की नाही ते पाहावे आणि सारे नोंदवहीत उतरवावे.

केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ ने संगणकावर तयार झालेल्या साहित्यालाही अभिलेख मानले असून विहित रीतीखेरीज अभिलेख नष्ट करण्यास मनाई केली आहे. क्षणप्रत ही केवळ तांत्रिक सोय असली, तरी तिच्यात जपलेली नोंद कोणा शेतकऱ्याची, कोणा विधवेची, कोणा विद्यार्थ्याची असते. यंत्र आज्ञा पाळते. आज्ञा योग्य की अयोग्य, हे ते विचारीत नाही. तो विचार माणसानेच, आणि आज्ञा देण्यापूर्वी करावयाचा असतो.