मी युझर चुकीचा पकडला होता

एरवी मी इथे कोडिंगबद्दल बोलतो. आज माझ्या एका चुकीबद्दल.

माझी भाची दिवस भरायच्या आधीच जन्मली. वजन कमी. त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष वजनकाट्यावर. मी मामा, त्यात इंजिनिअर! पहिल्या वाढदिवसाला बालगीतं भरून टॅबलेट पाठवला. दीड वर्षाची झाली तरी ती एक शब्द बोलेना.

मग अंगणवाडीच्या ताई घरी यायला लागल्या. त्या कोणावर रागावल्या नाहीत. रिकाम्या बाटलीत हरभरे टाकले, झाकण घट्ट लावलं, बाटली बहिणीच्या हातात दिली. म्हणाल्या, "आता तू वाजव. ती काय करते बघ, आणि तिच्याशी बोल." फोनवर हे ऐकून मला हसू आलं. एवढंच?

नंतर जमैकाबद्दल वाचलं. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ मुलं. वय ९ ते २४ महिने. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार गट केले. एकाला पूरक आहार. दुसऱ्याकडे आठवड्यातून एकदा, तासभर आरोग्यसेविका जायची. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं. सेविका काय करायची? टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. २० वर्षांनी बघितलं, तर ज्यांच्या घरी सेविका गेली होती त्यांची कमाई, ज्यांच्या घरी ती गेली नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त! नुसता आहार मिळालेल्यांत असा फरक टिकला नाही.

म्हणजे आहार नको असं नाही, तो हवाच. पण सेविका तासाभराने निघून जाते, आई घरातच असते. शिकवायचं आईला. मी सगळं बाळासाठी पाठवत बसलो.

बहीण परवा म्हणाली, "दादा, एवढ्याशा बाळाशी बोलायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे."

भाची आता दोन वर्षांची आहे. कानांची तपासणी झाली, ऐकू नीट येतं. मोजून सात शब्द बोलते. त्यात 'मामा' अजून नाही. चालेल, थांबतो.

तुमच्या घरात लहान बाळ असेल, तर हा भाग संपला की फोन बाजूला ठेवा आणि त्याच्याशी बोला. भेटू पुढच्या भागात!