इमारत उभी राहील, शिकवणार कोण?

(जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



जबलपूरला कारागिरांची वानवा कधीच नव्हती. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी आली, १९४२ साली खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९६९ साली वाहन कारखाना. रिज रोडवरचे तारखात्याचे प्रशिक्षण केंद्रही १९४२ चेच. डाक आणि तार तेव्हा एकच खाते होते. सरकारी खर्चाने शिकायचे आणि सरकारी सेवेत लागायचे, असा सरळ हिशेब होता.

पुढे १९८५ साली खाते विभागले गेले. २००० साली दूरसंचार सेवा निगमाकडे गेली, केंद्रही गेले. २०२० च्या जानेवारीत निगमाचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकदम स्वेच्छानिवृत्त झाले. बाबासाहेबांचे नाव असलेले ते केंद्र आजही उभे आहे. पण शिक्षण आणि नोकरी यांची जुनी गाठ सुटली. केवळ इमारतीने कामगाराचे पोट भरत नाही, हा त्यातला धडा.

हे आज सांगण्याचे कारण असे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० सरकारी आयटीआयच्या सुधारणेची योजना मंजूर केली. पाच वर्षांत ६०,००० कोटी रुपये: केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,०००. या पैशाचे आम्ही स्वागतच करतो. जुन्या लेथवर शिकलेल्या मुलाला नव्या शेडमध्ये कोण उभे करणार?

परंतु कारभार उद्योगांच्या नेतृत्वाखालील मंडळाकडे राहणार आहे. म्हणजे सहा रुपयांतला एक रुपया घालणाऱ्याच्या हाती सुकाणू आणि पाच रुपये देणारी जनता प्रेक्षक! २००७-०८ मध्ये १,३९६ आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आली, तेव्हाही उद्योगपतीच समितीच्या अध्यक्षपदी होते. शिक्षणसंस्था मात्र कर्जदार झाली.

रेल्वेतील अनुभव आपल्याला माहीत आहे. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. बाकीची पोरे प्रमाणपत्र हातात घेऊन दारोदार फिरतात. ती आपलीच पोरे आहेत.

म्हणून आमच्या मागण्या तीन. यंत्रांबरोबर निदेशकांची पदेही कायमस्वरूपी भरा. शिकवणारा नसेल तर नवे यंत्रही गंजते. प्रत्येक व्यवस्थापन मंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी घ्या. आणि जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जमिनी व कार्यशाळा जनतेच्याच मालकीच्या ठेवा.

मित्रहो, आपापल्या गावच्या आयटीआयमध्ये एकदा जाऊन या. किती यंत्रे चालू आहेत, किती निदेशक आहेत, हे मोजा आणि शाखेला लेखी कळवा. आकडे हाती असले की निवेदनाला वजन येते.

कामगार एकजुटीचा विजय असो!