तंबोरा आपल्या गल्लीतला, सभेत मात्र आपण नाही

(मिरज येथे युवक-युवतींच्या शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून तुम्ही शिक्षण, शिष्यवृत्ती, नोकऱ्या यांवर ऐकताय. जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलं, आणि विषय मिळाला 'शहर आणि कला'. काही जणांना वाटत असेल, पोटाचे एवढे प्रश्न असताना गाणंबजावणं कशाला काढायचं? पण मिरजेत बसून हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत. इथे गाणं हाच कित्येक घरांचा पोटाचा प्रश्न आहे.

सतारमेकर गल्ली तुम्हाला माहीत आहे. त्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटली तेव्हा तेच हात वाद्यांकडे वळले. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, तो वाळवायचा, कापायचा, त्याला लाकडाची दांडी जोडायची, नक्षी काढायची, खुंट्या बसवायच्या. हे सगळं झालं तरी तंबोरा अजून मुकाच असतो. मग येतं जवारीचं काम. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग कानसीने इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर सूर घुमत राहिला पाहिजे. याला माप नाही. कारागीर घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. कान तयार व्हायला वर्षं जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं. पण मानांकनाने कान तयार होत नाहीत. त्यासाठी पोरगं गल्लीत बसावं लागतं, आणि मोबाईलमध्येच तंबोरा वाजायला लागल्यावर त्याने का बसावं, हा त्याच्या बापालाही पडलेला प्रश्न आहे.

आता या गल्लीतून दर्ग्याकडे चला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेत आले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले, 1937 मध्ये गेले आणि दर्ग्याच्याच आवारात त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मृतीसाठी उरुसात संगीतसभा भरते. तिकीट नाही, पास नाही, चिंचेच्या झाडाखाली जमिनीवर बसायचं. मोठमोठे कलावंत इथे 'हजेरी' लावायला येतात. कार्यक्रम केला असं कुणी म्हणत नाही. उरुसात गलेफाचा पहिला मान चर्मकार समाजाचा असतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव भरतो, तिथेही याच गावचे तंबोरे लागतात.

हे ऐकून लगेच 'मिरज म्हणजे एकोप्याचं गाव' असं बोलायची आपल्याकडे सवय आहे. मला ते वाक्य पुरत नाही. 2009 च्या गणेशोत्सवात याच शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. सभा भरत होती म्हणून दंगल टळली नाही. गाणं आपोआप माणसं जोडत नाही. त्यासाठी माणसं तिथे येऊन शेजारी बसावी लागतात. आणि माझा मुद्दा नेमका इथे आहे. सभेला पुण्याहून, कोल्हापुरातून, कर्नाटकातून रसिक येतात. दर्ग्याच्या मागच्या मोहल्ल्यातली वीस वर्षांची मुलं त्या वेळी कुठे असतात? उरुसाच्या पाळण्यांपाशी, खाण्याच्या गाड्यांपाशी, नाहीतर नाक्यावर मोटारसायकल लावून. आणि मुली घरात.

का, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं: संगीत जायज नाही. यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. चिश्ती सूफींनी समा जपला, इतरांनी आक्षेप घेतले. तो वाद मी या सत्रात मिटवणार नाही, ज्याला ऐकायचं नाही त्याच्यावर सक्तीही नाही. पण जुम्म्याची नमाज पढून आलेला कारागीर दुपारी पुन्हा जवारी लावायला बसतो, त्याला आपण कधी विचारलंय का, की चाचा, तुम्ही याकडे कसं बघता? आपण फतवे विचारतो, शेजाऱ्याला विचारत नाही.

दुसरं उत्तर जास्त खरं असतं: 'आपल्याला त्यातलं कळत नाही.' शास्त्रीय संगीत म्हणजे शिकल्या-सवरल्यांचं, असा धाक मनात असतो. घरात आपण दखनी बोलतो, शाळा कुणाची मराठी, कुणाची उर्दू. ख्यालाच्या बोलांतलं अर्धं कळत नाही. अहो, पुढे बसून माना डोलावणाऱ्यांतल्या अर्ध्यांनाही कळत नाही! ऐकत गेलं की कळतं, दुसरा रस्ता नाही.

मुलींचं उत्तर वेगळं आहे. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. हिराबाई बडोदेकर 1905 मध्ये याच मिरजेत जन्मल्या. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलगी. घरंदाज बाईने लोकांसमोर बसून गाणं म्हणजे बदनामी, असा तो काळ. त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. त्यांच्या गावातली मुलगी आज रात्री नऊ वाजता सभेत श्रोता म्हणूनही बसू शकत नसेल, तर अडचण संगीताची नाही. अडचण रस्त्यावरच्या दिव्याची आहे, परतीच्या रिक्षाची आहे, स्वच्छतागृहाची आहे, आणि 'लोक काय म्हणतील' याची आहे. यातल्या तीन गोष्टी महापालिकेकडे आणि आयोजकांकडे लेखी मागता येतात. चौथीसाठी आयांशी बोलावं लागेल. सहा-सात मुली, सोबत दोन आया किंवा खाला, एका गल्लीतून एकत्र जाणं-येणं, असं ठरवलं तर पुष्कळ घरं हो म्हणतील. एकट्या मुलीला नाही म्हणणारा बाप सात जणींना नाही म्हणताना जरा विचार करतो.

शेवटचं. जेवणाच्या सुट्टीत एका मुलाने मला विचारलं, मोहल्ल्यात आपलाच कार्यक्रम का करू नये? जरूर करा. फक्त पहिल्याच फटक्यात मांडव, डीजे आणि नेत्याचा फ्लेक्स लावून बसू नका. एखाद्या शाळेची खोली मागा. कुणी मराठीत कविता वाचेल, कुणी दखनीत किस्सा सांगेल, एखाद्या कारागिराला बोलवा आणि जवारी लावताना सगळ्यांना ऐकू द्या: आधीचा सूर, नंतरचा सूर. तीस माणसं आली तरी भरपूर. त्यात पाच शेजारच्या पेठेतली, दुसऱ्या धर्माची असतील असं बघा. त्यांना मेसेज पाठवू नका, घरी जाऊन बोलवा. वेळ संध्याकाळी पाचची ठेवा, म्हणजे मुलींचा प्रश्न निम्मा सुटतो. आणि मगरिबच्या अजानला पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात चहा होतो.

कोण कोण करायला तयार आहे, त्यांनी सत्र संपल्यावर त्या खिडकीपाशी थांबा. मुलींची यादी आधी करू.