उतरणीवरची गाडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवनहळ्ळी येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्यास आमच्याहून कितीतरी अधिकारी मंडळी समोर बसलेली आहेत. आम्ही नवखे. येथील विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग जी नोकरदार मराठी कुटुंबे देवनहळ्ळीच्या आसपास स्थिरावली, त्यांपैकी आमचे एक. तेव्हा इतिहासाच्या वाटेला न जाता, २०२३ सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब केलेल्या प्रवासातील एक प्रसंग सांगण्याचे योजिले आहे. प्रसंग अवघ्या दहा मिनिटांचा. परंतु आमच्या घरातील एक जुना प्रश्न त्याने सोडविला.

आमची धाकटी बहीण म्युनिकला असते. तिच्या आग्रहावरून आम्ही, आमच्या सौभाग्यवती, सात वर्षांची कन्या आणि अडुसष्ट वर्षांच्या मातोश्री असे चौघे तिकडे गेलो. तेथून मोटारीने दक्षिणेस आल्प्स ओलांडू लागले की ऑस्ट्रियाचा टिरोल प्रांत लागतो. त्यातील इन नदीच्या खोऱ्यात इम्स्ट नावाचे टुमदार गाव आहे. हेर्मान ग्माइनर यांनी युद्धोत्तर काळात अनाथ मुलांसाठी पहिले एसओएस बालग्राम १९४९ साली उभारले ते याच गावात. पुण्यात आणि बंगळुरात आज जी एसओएस बालग्रामे आहेत, त्यांचे मूळ ते. आमचे जाणे मात्र इतक्या उदात्त हेतूने झाले नव्हते. कन्येस ‘आल्पाइन कोस्टर’मध्ये बसावयाचे होते!

हे वाहन कसे असते ते थोडक्यात सांगतो. डोंगराच्या उतारावर, जमिनीपासून थोड्या उंचीवर, पोलादी नळ्यांचे दोन रूळ वळणे घेत खाली आलेले असतात. त्यांवर एक किंवा दोन माणसांची छोटी गाडी असते. चाके रुळांना वरून, खालून आणि बाजूने धरून असल्यामुळे ती उधळून जात नाही. इंजिन नाही, मोटार नाही. ओढणारी शक्ती एकच, गुरुत्वाकर्षण. मात्र जत्रेतल्या वा उद्यानातल्या रोलर कोस्टरहून ही गाडी एका बाबतीत अगदी निराळी. तेथे बसणाऱ्याच्या हाती काही नसते. येथे दोन्ही बाजूंस दांडे असतात. ते पुढे ढकलले की गाडी मोकळी सुटते, मागे ओढले की ब्रेक लागतो. वेग फार वाढू नये म्हणून गाडीतच एक आपोआप चालणारा ब्रेकही असतो. तरीपण कोठे सावरावे आणि कोठे सोडावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे.

उतारावरून घसरण्याचा हा छंद पुरातन आहे. रशियात अठराव्या शतकात लाकडी चौकटींवर बर्फ गोठवून घसरगुंड्या उभारीत. पुढे १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या आल्या, १८८४ साली अमेरिकेत कोनी आयलंडला लोहमार्ग आला. गंमत अशी की फ्रेंच लोक या खेळास ‘रशियन डोंगर’ म्हणतात आणि रशियन लोक ‘अमेरिकन टेकड्या’! धाडसाचे श्रेय घेण्याऐवजी प्रत्येकाने ते शेजाऱ्याच्या गळ्यात घातलेले दिसते.

तारमार्गाने आम्ही वर पोहोचलो. तेथील उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर, म्हणजे आपल्या नंदीदुर्गाच्या माथ्याइतकीच. तेथून साडेतीन किलोमीटरांचा मार्ग सुमारे पाचशे मीटर खाली येतो. नंदीच्या माथ्यावरून पायथ्याशी यावे तेवढीच ही उतरण. परंतु आपल्या नंदीवर डिसेंबरात पहाटेचे धुके, तर तेथे झाडांच्या फांद्यांवर बर्फ. लहान मुलास एकट्याने बसू देत नाहीत. मागे मोठे माणूस लागते. कन्या पुढे बसली, आम्ही मागे. पट्टे आवळले. दांडे आमच्या हाती.

आणि आम्ही, मंडळी, पहिल्या वळणापासून अखेरच्या वळणापर्यंत दांडे मागेच ओढून धरले!

खोटे कशास सांगावे, भय वाटले. खाली दरी, समोर वळण आणि पुढ्यात पोटचे पोर. मागून येणाऱ्या गाड्या आमच्यामुळे खोळंबल्या. मागच्या गाडीतील गृहस्थांनी आपल्या भाषेत काही उद्गार काढले, ते न समजले हेच बरे. खाली उतरल्यावर कन्या काही बोलेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, “बाबा, आपण बसलोच नाही.”

तेवढ्यात मातोश्री पुढे झाल्या. “चल गं, मी येते तुझ्याबरोबर.”

येथे थोडी घरची हकीकत सांगणे प्राप्त आहे. २०१९ साली आमचे वडील वारले आणि आईस आम्ही मिरजेहून देवनहळ्ळीस आणले. मिरजेचे घर बंद केले. आईने जन्मभर त्या घराचा कारभार एकहाती ओढला होता. येथे आल्यावर मात्र आम्ही तिला एकटीने रस्ता ओलांडू नये, बाजारात जाऊ नये, नंदीच्या पायऱ्या चढू नयेत, असे बजावीत आलो. वर्षातून दोनदा ती म्हणे, “चार महिने मिरजेला राहून येते रे.” आम्ही म्हणत असू, “पुढल्या वर्षी पाहू.” अशी चार वर्षे गेली होती. यात आमचे प्रेम होते, हे आजही आम्ही सांगू. परंतु भय त्याहून अधिक होते, हे तेव्हा आम्हांस कळले नव्हते.

साहजिकच इम्स्टलाही आम्ही “छे, छे” म्हणून आडवे झालो. वास्तविक हृदयविकार, पाठीचे दुखणे अशा ज्या तक्रारी असणाऱ्यांनी बसू नये, त्यांपैकी एकही तिला नाही. बहिणीने तिला आपली विजार आणि जाड कोट दिला होता; लुगड्याची अडचणही उरली नव्हती. आई एवढेच म्हणाली, “अरे, ब्रेक माझ्याच हातात आहे ना? मग तुला कसली काळजी?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजी आणि नात वर गेल्या. आम्ही खाली, बर्फात, उगीच येरझारा घालीत राहिलो.

त्यांची गाडी शेवटच्या वळणावर दिसली तेव्हा ती वेगात होती, पण बेभान नव्हती. वळण येण्यापूर्वी वेग किंचित मंदावला, वळण संपताच गाडी मोकळी सुटली. कन्या ओरडत होती, “निधान नको आजी, निधान नको!” येथील घाटांत आणि रिक्षांत आपण हा शब्द रोज ऐकतो. कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. एरवी कन्येच्या बोलण्यात असा कन्नड शब्द आला की आम्ही तिला जागच्या जागी अडवून मराठी शब्द म्हणावयास लावीत असू. मग ती पुढचे वाक्यच टाकून देई. त्या दिवशी आम्ही अडविले नाही; आणि रात्री झोपेपर्यंत तिने ती सगळी कथा आत्याला मराठीतच सांगितली, मधूनमधून कन्नड पेरून.

आईस आम्ही विचारले, भीती नाही का वाटली? ती म्हणाली, “वाटली की. पण वळणावर तेवढी ओढायची. सरळ रस्त्याला कशाला ओढायची?”

परत आल्यावर फेब्रुवारीत आम्ही तिला राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरजेस पोहोचविले. कुलूप तिने स्वतः उघडले. पहिला आठवडा आम्ही दिवसातून चार वेळा दूरध्वनी केला. नंतर तिनेच दटावले तेव्हा एकावर आलो. आता उन्हाळ्याचे चार महिने ती तेथे असते आणि येथे येते ती स्वखुशीने. गेल्या खेपेस तिला पाठविताना देवनहळ्ळीचे प्रसिद्ध चकोते बरोबर दिले. शेजारणींना ती सांगते, “पपनसच हो, पण आमच्या तिकडचे!” आमचे ‘तिकडे’ आता तिचेही झाले आहे, हे ऐकून आम्हांस किती बरे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. चार वर्षे तिला धरून ठेवून जे साधले नव्हते, ते सोडल्यावर साधले.

मंडळाने पन्नास वर्षे परमुलखात मराठी घरे सांभाळली. आपली मुले आता गाडीत पुढे बसलेली आहेत, आपण मागे. दांडे अद्याप आपल्या हाती आहेत, आणि वळणे यावयाची आहेतच; तेथे हात ढिला ठेवून चालणार नाही. परंतु सरळ वाटेवर आपण किती ओढतो, याचा विचार आमच्यासारख्या भित्र्या बापांनी अवश्य करावा, एवढीच विनंती.

कन्येस आम्ही पुन्हा एकदा तेथे नेण्याचे वचन दिले आहे. तिने अट घातली आहे की मागे आजीच बसेल.