वाढतें अंग आणि चामड्याचें जाकीट

मार्गशीर्ष महिना आला कीं सातारा जिल्ह्यांतील पुसेगांवीं सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. बैलबाजार, पाळणे आणि मिठाईचीं दुकानें यांच्या जोडीला तंबूंतील चित्रपटांची परंपराही तेथें पुष्कळ वर्षें नांदली. थंडीचे दिवस, अंगाभोंवतीं घोंगडी, आणि समोर पांढऱ्या पडद्यावर चामड्याचें जाकीट घालून मोटारसायकलीवरून धुरळा उडवीत चाललेला नायक! हें दृश्य पाहून घरीं परतणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मनांत कोणती इच्छा जागी होत असेल, तें सांगावयास मानसशास्त्राचा पंडित नको. आतां तर त्यासाठीं यात्रेपर्यंत जाण्याचेंही कारण उरलेलें नाहीं. नायक हातांतल्या मोबाइलवर येऊन उभा राहतो. इच्छा मात्र तीच : ‘बाबा, मला तसलें जाकीट पाहिजे!’

हा हट्ट कानीं पडतांच वडिलांच्या मनांत पैशांचा हिशेब उभा राहतो आणि आईच्या डोळ्यांपुढें मुलाची उंची येते. दोघांचेंही बरोबर असतें. वस्तु महाग, आणि ज्याच्यासाठीं घ्यावयाची तो दर महिन्यास बदलणारा. परंतु ‘नको’ म्हणून मोकळें होण्यापूर्वीं ह्या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करणें श्रोत्यांच्या फायद्याचें ठरेल.

जाकीट हा शब्द मराठीस नवा नाहीं. सदऱ्यावर घालावयाचें बिनबाह्यांचें जाकीट आजोबांच्या अंगावर बहुतेकांनीं पाहिलेलें असतें. मुलाला हवें असतें तें मात्र निराळें : पुऱ्या बाह्यांचें, पडत्या कॉलरचें आणि पुढें धातूची चेन असलेलें. ह्या पेहरावाचा जन्म कांहीं पडद्यावर झालेला नाहीं. न्यूयॉर्क येथील आयर्व्हिंग शॉट यानें १९२८ सालीं मोटारसायकलस्वारांसाठीं चेनचें चामडी जाकीट तयार केलें. वाऱ्यापासून छातीचें रक्षण व्हावें आणि स्वार पडलाच तर अंग सोलूं नये, एवढाच त्याचा उद्देश. पंचवीस वर्षांनीं, १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटांत, त्याच घाटाचें जाकीट मार्लन ब्रँडोच्या अंगावर दिसलें, आणि कामाचें वस्त्र बंडखोर तारुण्याची निशाणी होऊन बसलें. १९८६ च्या ‘टॉप गन’ मध्यें टॉम क्रूझनें घातलें तें अमेरिकन आरमारी वैमानिकांचें फरच्या कॉलरचें जाकीट. अशा रीतीनें स्वाराची आणि सैनिकाची गरज पडद्यावर जाऊन मुलांची हौस बनली.

पडद्यावरच्या जाकिटाचें एक गुपित मुलांना सांगण्यासारखें आहे. १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटासाठीं नवीं कोरीं जाकिटें चाकूनें खरवडून आणि तारेच्या ब्रशानें घासून मुद्दाम जुनीं करण्यांत आलीं होतीं. जगभर हिंडून झिजल्यासारखें तें वस्त्र दिसावें, एवढेंच तेथें हवें होतें. चित्रण संपलें कीं त्याचें काम संपलें. मुलाच्या जाकिटाचें कर्तव्य नेमकें उलट आहे. तें खरोखर हिंडावें, खरोखर झिजावें, आणि तरीही पुढच्या हिवाळ्यांत उभें राहावें.

येथें खरी अडचण उपस्थित होते, ती वाढत्या अंगाची. दुसऱ्या वर्षानंतर तों वयांत येईपर्यंत मूल दरसाल सुमारें ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतें. वयांत येण्याच्या सुमारास, म्हणजे मुलींच्या बाबतींत साधारणपणें अकराव्या-बाराव्या आणि मुलग्यांच्या बाबतींत तेराव्या-चौदाव्या वर्षीं, हा वेग एकदम वाढतो. मुलगा एका वर्षांत ९-१० सेंटिमीटरही वाढूं शकतो. आठव्या वर्षीं घेतलेल्या जाकिटाची बाही दर वर्षीं सुमारें दोन सेंटिमीटर तोकडी पडणार, असा हिशेब धरावयास हरकत नाहीं.

ह्या अडचणीवर महाराष्ट्रांतील घरांनीं फार पूर्वींच तोड काढून ठेवलेली आहे. मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवावयाचे, हा येथील रिवाज. शिंपी शिवणीच्या आंत कापड राखून ठेवतो. त्यालाच तो ‘माया’ म्हणतो. वर्षाअखेर शिवण उसवून माया सोडली कीं सदरा पुन्हां अंगाला येतो. चामड्याच्या बाबतींत मात्र ही युक्ति हरते. कापडांतील सुईचें छिद्र धुण्यांत मिटून जातें. चामड्यांत एकदां पडलेलें भोंक कायमचें राहतें. शिवण उसवून पुढें सरकविली तर जुन्या भोंकांची रांग जन्मभर मिरवावी लागते, आणि त्याच रांगेवर चामडें फाटतेंही. म्हणून चामड्याच्या जाकिटांत माया शिवणीबाहेर शोधावी लागते.

ती कोठें सांपडते? पहिली जागा खांद्याची. खांद्याची शिवण हाडाच्या टोंकापासून दोन बोटें खालीं उतरली तर चालेल. त्याहून अधिक उतरली तर हात वर करतांना संपूर्ण जाकीट उचललें जातें आणि मूल तें घालावयाचें सोडतें. दुसरी जागा बाहीची. बाही तळहाताच्या मध्यापर्यंत लांब घ्यावी आणि अस्तरासह आंत मुडपून हातानें चार सैल टांके घालावे. दर हिवाळ्यास ते काढून थोडी बाही सोडतां येते. कमरेशीं विणलेली लवचिक पट्टी किंवा बाजूस बकलाचे पट्टे असले तर घेर सैल करतां येतो. पाठीची लांबी मात्र पुढें वाढवितां येत नाहीं, म्हणून ती नितंबाच्या निम्म्यापर्यंत असावी. आणि हें सर्व पाहावयाचें तें उघड्या सदऱ्यावर नव्हे. आंत स्वेटर घालून, मुलाला हात वर करावयास लावून, खालीं वांकवून आणि सायकलवर बसल्यासारखें बसवून. जाकीट उभ्या मुलाचें नसतें, धांवणाऱ्या मुलाचें असतें.

मापानंतर कातड्याचा विचार. मेंढीचें कातडें मऊ आणि हलकें, पण कांट्याकुंपणास फार लवकर फाटणारें. गाईचें दणकट, परंतु मुलाच्या खांद्यास जड. म्हशीचें त्याहूनही जड आणि राठ. बकऱ्याचें कातडें ह्या दोहोंच्या मधलें : वजनाला बेताचें, चिवट आणि बारीक दाण्याचें. वर उल्लेखिलेलें आरमारी वैमानिकांचें जाकीटही बकऱ्याच्या कातड्याचें असे, हें ऐकून मुलाची निराशा न होतां उलट समाधानच होईल. बाजारांत चामडें म्हणून रेक्झिनही विकलें जातें. त्याची परीक्षा कडेवर करावी. खऱ्या चामड्याच्या कापलेल्या कडेस तंतू दिसतात. रेक्झिनच्या कडेस खालचें विणलेलें कापड दिसतें आणि वरचा मुलामा एकदोन वर्षांत कोंपराशीं पापुद्र्यांनीं सुटूं लागतो. परंतु रेक्झिन घेण्यांत लाज कसलीही नाहीं. एकाच हिवाळ्यापुरती हौस असेल तर तेंच शहाणपणाचें. लबाडी एवढीच कीं त्यास चामड्याचा भाव द्यावा लागूं नये.

सातारा आणि सांगली यांची हवाही विचारांत घ्यावयास हवी. महाबळेश्वर सुमारें १३७२ मीटर उंचीवर. तेथें आणि पांचगणीस वसतिगृहांत राहणाऱ्या मुलाला असें वस्त्र वर्षांतले कित्येक महिने उपयोगीं पडेल. सांगली, मिरज किंवा जत येथें खरी थंडी मार्गशीर्षापासून माघापर्यंत. म्हणजे वर्षांतले नऊ महिने जाकीट घालण्याचें नसून सांभाळण्याचें असतें. पश्चिमेकडील डोंगरांत पावसाळ्यांत भिंतींना ओल येते, तशी चामड्यावर पांढरी बुरशी चढते. त्यास प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. सुती कापडांत गुंडाळून, रुंद खांद्याच्या हँगरवर, हवेशीर जागीं टांगावें. भिजलेंच तर सावलींत वाळवावें. चुलीपाशीं किंवा उन्हांत ठेवल्यास तें कडक होऊन तडकतें. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या पेठांत शिरलें, तेव्हां पुराच्या चिखलानें घरोघरचें काय झालें हें तेथील गृहिणींना सांगावयास नको. मोलाची वस्तु माळ्यावर ठेवावी, हा धडा त्यांनीं केव्हांच गिरविलेला आहे.

आतां वडिलांचा हिशेब. समजा, जाकिटास सहा हजार रुपये पडले. मुलानें तें दोन हिवाळे, प्रत्येकीं नव्वद दिवस वापरलें, तर एका दिवसास तेहतीस रुपये पडतात. तेंच पुढें धाकट्या भावाकडे किंवा बहिणीकडे जाऊन आणखी दोन हिवाळे चाललें, तर दिवसाचा खर्च सतरा रुपयांच्या आंत येतो. धाकट्यानें थोरल्याचें वापरण्याची रीत येथें जुनीच आहे, आणि चामडें हें तिला सर्वांत अनुकूल असें वस्त्र होय. तें वापरानें मऊ होतें, जुनेपणानें देखणें होतें. एकट्या मुलासाठीं, त्यांतही तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील मुलग्यासाठीं, महाग जाकीट घेणें मात्र तोट्याचें. एका वर्षांत तें तोकडें होणार. तेथें दोन वर्षें थांबावयास सांगणें हेंच योग्य, आणि कारण समजावून दिलें तर मुलगा थांबतोही.

हें टिकाऊपण एकट्या दुकानदारावर अवलंबून नसतें. चेन तुटली, खिशाचा टांका उसवला, कोंपर फाटलें, तर तें नीट करणारा चर्मकार गांवांतच बसलेला असतो. हिरड्यानें आणि बाभळीच्या सालीनें कातडें कमावण्याची विद्या ह्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत कोल्हापूर आणि सोलापूर यांच्याबरोबर सांगली व सातारा हे जिल्हेही आहेत, आणि कर्नाटकांतील चार जिल्हेही. जाकीट घेतांना तें ह्या कारागिरास आधीं दाखवावें आणि मुलालाही बरोबर न्यावें. आपलें आवडतें वस्त्र कोणत्या हातांमुळें टिकतें, हें त्यानें डोळ्यांनीं पाहावें.

तें पाहण्याची गरज आहे, कारण ह्याच हातांचा विटाळ समाजानें शतकानुशतकें मानला. पेहराव आणि मान यांचा संबंध किती नाजूक असतो, याची एक हकीकत सातारा जिल्ह्यांतच घडलेली आहे. १९०१ सालीं साताऱ्यास राहणारे भीमराव आंबेडकर नऊ-दहा वर्षांचे होते. वडील खटाव तालुक्यांतील गोरेगांव येथें दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांच्या भेटीस जावयाचें म्हणून मुलांसाठीं नवे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकांठी धोतरें आणि नवे जोडे घेण्यांत आले. मसूर स्टेशनावर उतरलेलीं तीं नीटनेटकीं मुलें पाहून स्टेशनमास्तरानें आपुलकीनें चौकशी केली. मुलांनीं आपण महार असल्याचें सांगतांच त्याचा चेहरा पालटला. पुढें भाड्याची बैलगाडी मिळणेंही कठीण झालें, आणि वाटेंत पिण्याचें पाणीसुद्धां मिळालें नाहीं. बाबासाहेबांनीं ही आठवण स्वतःच लिहून ठेविली आहे. मुलें तींच होतीं, कपडेही तेच होते. फक्त पाहणाऱ्याची नजर बदलली होती.

मुलाच्या हट्टामागें पुष्कळदां हीच नजर मिळविण्याची धडपड असते. वर्गांतील दुसऱ्यानें तसें जाकीट घातलें, सर्वांनीं त्याच्याकडे वळून पाहिलें, आणि ह्याला वाटलें, आपल्याकडेही कुणीं पाहावें. तें वाटणें खोटें नाहीं. त्याची थट्टा करूं नये. परंतु जाकीट थंडी अडवितें, मान आणून देत नाहीं, एवढें मुलाला घरांतूनच कळावयास हवें. तें कळविण्याची एक संधि जाकीट तोकडें झाल्यावर येते. साखर कारखान्यांच्या हंगामांत बीडकडून ऊसतोड मजुरांचीं कुटुंबें सांगली-साताऱ्याकडे येतात, आणि पौषाच्या पहाटे त्यांचीं मुलें कोपींत कुडकुडत असतात. धाकटें भावंड नसेल, तर तें जाकीट त्यांपैकीं एखाद्या मुलाच्या अंगावर जावें; आणि देण्यापूर्वीं त्याची चेन नीट करून घ्यावी. मोडकें द्यावयाचें तें दान नव्हे.

तात्पर्य काय, तर जाकीट घ्यावें, परंतु बकऱ्याच्या कातड्याचें, दोन हिवाळ्यांच्या मापाचें, दुरुस्तीस सोपें आणि पुढें कोणाच्या अंगावर जाणार हें आधींच ठरवून. शिंप्याची माया शिवणींत राहते. चामड्याच्या शिवणींत तिला जागा नाहीं. म्हणून ती घेणाऱ्यानें आपल्या विचारांत ठेवावयाची असते.