परदेशचें विमानतिकीट : केव्हां काढावें आणि कसें?
(नभोवाणीवरील भाषण)

१९४८ सालच्या ८ जून रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें एअर इंडिया इंटरनॅशनलचें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गानें लंडनला निघालें. त्या काळीं परदेशच्या प्रवासाचें भाडें कंपन्यांच्या परिषदेंत ठरे, सरकारें त्यास संमति देत, आणि मग तो आंकडा कोष्टकांत छापला जाई. उतारूला फक्त एकच प्रश्न असे : एवढी रक्कम आपल्याजवळ आहे कीं नाहीं?

आज प्रश्न निराळा झाला आहे. एकाच विमानांत, एकाच रांगेंत, शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन उतारूंनीं एकमेकांस भाडें विचारलें, तर एकाला दुसऱ्याच्या दुप्पट द्यावें लागल्याचें आढळूं शकतें. जेवण तेंच, पोंचण्याची घटका तीच. मग हा फरक कशाचा? या प्रश्नाचें उत्तर नीट समजलें, म्हणजे तिकीट केव्हां व कसें काढावें हें निराळें सांगावयास नको.

१९७८ सालीं अमेरिकेनें आपल्या देशांतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा केला. कंपन्यांत चढाओढ लागली, आणि पुढील कांहीं वर्षांत संगणकाच्या मदतीनें जागा विकण्याची एक नवी पद्धति रूढ झाली. विमानांतील साध्या वर्गाच्या जागा दिसावयास सारख्या असल्या, तरी कंपनी आपल्या हिशेबांत त्यांचे अनेक कप्पे पाडते. प्रत्येक कप्प्याला इंग्रजी वर्णमालेंतील एक अक्षर दिलेलें असतें. सर्वांत स्वस्त कप्प्यांत थोड्या जागा आणि पुष्कळ अटी : पैसे परत मिळणार नाहींत, तारीख बदलल्यास दंड पडेल. महाग कप्प्यांत अटी कमी. स्वस्त कप्पा संपला कीं पुढचा उघडतो. विमान रिकामें जाण्याची भीति वाटली, तर कंपनी बंद केलेला कप्पा पुन्हां उघडतेही.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. घरांतील चार माणसांचीं तिकिटें एकदम पाहिलीं आणि स्वस्त कप्प्यांत दोनच जागा उरल्या असल्या, तर यंत्र बहुधा चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव सांगतें. म्हणून आधीं एका माणसाचें भाडें पाहावें, मग दोघांचें, मग चौघांचें. फरक मोठा असल्यास तिकिटें दोन भागांत काढतां येतात. मात्र लहान मुलें बरोबर असतील, तर ही काटकसर करूं नये. ऐन वेळीं विमान रद्द झालें तर निराळ्या तिकिटांवरचीं माणसें निराळ्या विमानांत जाण्याचा संभव असतो.

आतां 'केव्हां' या प्रश्नाकडे वळूं. मंगळवारीं मध्यरात्रीं तिकीट काढावें म्हणजे स्वस्त पडतें, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. तिकीट घेण्याचा असा कोणताही शुभमुहूर्त नाहीं. महत्त्व आहे तें निघण्याच्या दिवसाला. शुक्रवार-रविवारपेक्षां आठवड्याच्या मधल्या दिवशीं निघणाऱ्याला बहुधा कमी पैसे पडतात. आणि मे महिन्याची शाळांची सुटी, विद्यार्थी अमेरिकेस निघतात तो ऑगस्टचा सुमार आणि नाताळ, या दिवसांत भाडीं चढलेलीं असतात. सुटी संपल्यावर, किंवा नाताळची गर्दी ओसरून गेल्यावर फेब्रुवारींत, तींच विमानें पुष्कळदां स्वस्तांत मिळतात.

बहुतेक मोठ्या कंपन्या सुमारें अकरा महिने आधीं विक्री सुरू करतात. पण अगदीं पहिल्या दिवशीं भाव सर्वांत कमी असतो असें नाहीं. माझा नियम असा : गर्दीच्या दिवसांत जावयाचें असल्यास चार ते सहा महिने आधीं आणि एरवीं दोन ते चार महिने आधीं तिकीट घ्यावें. त्यापूर्वीं दोन-तीन आठवडे रोज भाव टिपून ठेवावा. बाजारांत भाजी घेणारी गृहिणी चार दुकानीं भाव विचारते, तसेंच हें आहे. नेहमींचा भाव ठाऊक असला म्हणजे उतरलेला भाव ओळखूं येतो, आणि तो दिसतांच 'आणखी उतरेल' या लोभानें थांबूं नये.

मुंबईहून लंडनला थेट जाणारें विमान नऊ-दहा तासांत पोंचतें. दुबई, दोहा किंवा इस्तंबूल येथें उतरून दुसरें विमान घेतल्यास वेळ अधिक लागतो, पण भाडें पुष्कळदां कमी पडतें. मात्र येथें एक धोका आहे, आणि तो मीं स्वतः अनुभवला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं चार पैसे वांचविण्यासाठीं मीं युरोपच्या प्रवासाचीं दोन निरनिराळीं तिकिटें काढलीं : एक आखातांतील एका शहरापर्यंतचें आणि दुसरें तेथून पुढचें. पहिलें विमान चार तास उशिरां सुटलें. मी तेथें पोंचलों तेव्हां दुसरें विमान निघून गेलें होतें. पहिली कंपनी म्हणाली, 'आम्ही तुम्हांला येथवर आणलें.' दुसरी म्हणाली, 'तुम्ही वेळेवर आलां नाहींत.' दोघांचेंही बोलणें नियमाला धरून होतें! त्या रात्रीं खिडकीशीं उभें राहून घेतलेल्या नव्या तिकिटानें माझी सारी बचत गिळून वर आणखी तेवढेंच खाल्लें. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असता, तर मला पुढच्या विमानानें पोंचविण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती.

आणखी कांहीं गोष्टी थोडक्यांत सांगतों. जाण्यायेण्याचें तिकीट एकत्र असेल आणि जातांनाचें विमान आपण मुद्दाम सोडलें, तर कंपनी बहुधा परतीचीही जागा रद्द करते. भाड्याची तुलना करतांना सामानाचें वजन, जेवण व जागेची निवड यांचे पैसे मिळवूनच बेरीज करावी. तिकिटावरील नांव पारपत्रावरील नांवाशीं अक्षरशः जुळलें पाहिजे. ज्या विमानतळावर उतरावयाचें त्याचें नांव नीट वाचावें; एका शहराला दोन-चार विमानतळ असतात, आणि डिसेंबर २०२५ मध्यें नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाल्यापासून मुंबईकरांनाही ही दक्षता घेणें प्राप्त झालें आहे. ज्या देशांत नुसतें विमान बदलावयाचें, तेथेंही परवाना लागतो कीं काय, हें आधीं पाहावें; अमेरिकेंत तो लागतोच. भाव कोठेंही पाहावा, पण शक्य तर तिकीट कंपनीकडूनच घ्यावें. वेळ बदलली वा विमान रद्द झालें, तर मध्यस्थाचीं दारें ठोठावीत बसावें लागत नाहीं.

श्रोते हो, या सर्वांचें सार एवढेंच कीं, स्वस्त तिकीट म्हणजे कंपनीनें दिलेलें बक्षीस नव्हे. तो एक सौदा आहे. आपण आपलें स्वातंत्र्य विकतों : तारीख बदलण्याचें, थेट जाण्याचें, पैसे परत मागण्याचें. तरुण विद्यार्थ्यानें तें खुशाल विकावें. आठ तास बांकावर बसून तो एखादें पुस्तक वाचून काढील. परंतु नातवाचें तोंड पाहावयास प्रथमच परदेशीं निघालेल्या सत्तरीच्या आईला मध्यरात्रीं अनोळखी विमानतळावर, न समजणाऱ्या भाषेंत, दुसऱ्या विमानाचें दार शोधावयास लावून जे चार पैसे वांचतात, ते वांचलेले पैसे नव्हेत. तिच्यासाठीं थेट विमान घ्यावें, तारीख बदलतां येईल असें तिकीट घ्यावें, आणि काटकसर करावयाची ती तिकीट चार महिने आधीं काढून करावी. आधीं ठरविणाऱ्याला ती करतां येते. ऐन वेळीं धांवणाऱ्याला पैसा आणि सुख या दोहोंपैकीं एक सोडावेंच लागतें.